बेपत्ता माणसाला आवतण

नसलेला पदर खांद्यावर नीट केल्याशिवाय तो माणूस कोणत्याही प्रश्नाचे उत्तर देत नसे. अंगात खाकी अर्धी चड्डी आणि कापसाच्या तुसाने भरलेले बनियन, पण "काय रे, जेवलास का?" एवढे विचारले तरी त्याचा उजवा हात आधी डाव्या खांद्याकडे जाई, तिथली हवा दोन बोटांनी उचलून मागे टाकी, आणि मग उत्तर येई. आपल्यापैकी ज्यांनी त्या वर्षांत भिवंडीत दिवस काढले असतील त्यांनी त्याला पाहिले असेल आणि पाहून हसलेही असतील. मीही हसलो होतो. हसून झाल्यावर मी त्याच्याविरुद्ध अर्ज केला होता.

दिवाणी न्यायालयात एकतीस वर्षे नोकरी करून मी नाझर म्हणून निवृत्त झालो. जे नियमात नाही ते लेखी कळवावे, ही सवय मात्र निवृत्त झाली नाही. तुंबलेले गटार, रेशनच्या तांदळातले खडे, शाळेसमोर उभे राहणारे ट्रक, अशा एकाही गोष्टीला मी अर्जावाचून सोडले नाही. उत्तरे क्वचित आली. जी आली त्यांतली बहुतेक, अर्ज योग्य त्या कार्यालयाकडे करावा अशी होती. योग्य ते कार्यालय या देशात कोठे आहे हे मला आजतागायत कोणीही कळवलेले नाही.

तो आमच्या मागच्या चाळीत राहत असे. दुपारी मी ओट्यावर लिहीत बसलो की थांबे, हवेतला पदर सावरी आणि म्हणे, "लिवा, नाना, लिवा. सरकारला दुसरा वाचाला तरी काय हाय?"

यात कुचेष्टा होती की कौतुक, हे मला कधीच ठरवता आले नाही.

यंत्रमागाच्या एका कारखान्यात तो कांड्या भरीत असे. धोट्यात घालायच्या नळीवर सूत गुंडाळण्याचे हे काम भिवंडीत सहसा बायका करतात. हा त्यांच्याच रांगेत मांडी घालून बसे. बायका त्याला 'मावशी' म्हणत. थट्टेने सुरू झालेला तो शब्द पुढे थट्टेचा राहिला नाही. कोणाचे मूल रडू लागले तर ते याच्याच मांडीवर येई.

तो मूळचा दिघाशीचा. त्याची आई तिथली धवलारीण होती. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो: आमच्याकडच्या आगरी लग्नांत भटजीच्या आधी धवलारिणीचा मान असतो. हळदीच्या दिवशी ती धवळे गाते आणि लग्नाला देवांना आवतण देते. देव झाले की त्या घरातल्या मेलेल्या माणसांना एकेक करून नावाने बोलावते. प्रत्येक नावाला घरातल्या वडीलधाऱ्याने "आला हो आला" किंवा "आली हो आली" म्हणायचे आणि तांदळाच्या मुठीवर एक सुपारी ठेवायची. ओ मिळाली नाही तर ती पुढचे नाव घेत नाही. सगळे मांडवात येऊन बसल्याखेरीज जिवंतांची हळद सुरू होत नाही.

आईच्या कडेवर बसून त्याने अशी शेकडो लग्ने पाहिली. कोणत्या घरात कोण केव्हा गेले, हे त्याला बाराखडीच्या आधी पाठ झाले. आई वारली तेव्हा तिला मुलगी नव्हती. हा एकटा होता. सगळे धवळे याच्या गळ्यात होते, पण गावाने ते घेतले नाहीत. बाप्याने बोलावले तर पितर उंबऱ्यावरूनच परत जातात, असे म्हाताऱ्यांनी सांगितले. तेव्हा आईचे लुगडे पिशवीत घालून तो भिवंडीला आला.

शुक्रवारी कारखाने बंद असत. ज्याने मागांचा खडखडाट आठवडाभर ऐकला आहे, त्यालाच शुक्रवारची शांतता कळेल. ती शांतता नसतेच. थांबलेला आवाज कानात तसाच उभा असतो. अशा शुक्रवारी दुपारी, बंद मागांच्या मधल्या मोकळ्या जागेत, तो एकटा खेळ करी. परवाना नाही, तिकीट नाही, वाजंत्री नाही. माझा पहिला अर्ज या परवान्याबद्दलच होता. सार्वजनिक करमणुकीस परवाना लागतो, हे मी पोलिसांना नियमासकट कळवले. त्यांनी लक्ष दिले नाही. म्हणून पुरावा गोळा करावा या हेतूने मी वही घेऊन स्वतः गेलो. ते आणीबाणीचे दुसरे वर्ष होते.

चाळीसेक माणसे बसली होती. निम्मे विणकर उत्तर प्रदेशातले, बाकी आपल्याकडचे. मागे सुताच्या गठ्ठ्यांपाशी बायका. पुढे जमिनीवर एक चटई अंथरलेली होती. दाटीवाटी असूनही त्या चटईवर कोणी बसले नव्हते आणि तिथे का बसत नाहीत, हेही कोणी विचारीत नव्हते.

आधी तो मांडवाच्या खांबाला टेकलेला पोर झाला. गुडघे पोटाशी, तोंडात बोट. "आय, घरी कवा जावाचा?" असे त्याने वर पाहून विचारले आणि लोक हसले. मग सगळ्यांच्या देखत त्याने चड्डीवरूनच आईचे लुगडे नेसायला घेतले. रंग नाही, पावडर नाही. नेसता नेसता त्याची मान किंचित खाली गेली, उजवा खांदा उतरला, बोटांना म्हातारपणाचा कंप आला. पदर डोक्यावरून घेतला तेव्हा मघाच्या पोराच्या प्रश्नाला उत्तर आले: "जाव रं बाला, नवरी उठली का जाव." आवाज त्याचाच होता, तरी माझ्या शेजारचा विणकर नकळत सरसावून बसला.

मग लग्नात साहेब आले. पदराचे टोक दुमडून त्याने डोक्यावर टोपीसारखे ठेवले. तेवढ्याने पुढारी उभा राहिला. नवरी उपाशी बसलेली आणि साहेब भाषण करताहेत. शेवटी साहेबांनी नवऱ्याला जवळ बोलावले.

"ऑपरेशन झाला का रं?"

"साहेब, लगीन तं आजच हाय."

"बरा बरा. मंग उंद्या ये."

नसबंदीच्या त्या दिवसांत हे ऐकून माणसे पोट धरून हसली आणि हसता हसता दाराकडे पाहू लागली. मी वहीत लिहिले: 'शासनाची अप्रतिष्ठा.'

तिथून पुढचे मात्र मला वहीत लिहिता आले नाही. टोपीचा पुन्हा पदर झाला आणि तो चटईसमोर बसून आवतण देऊ लागला. हे कोण्या एका घराचे आवतण नव्हते. सहा वर्षांपूर्वीच्या दंगलीत शहरातली जी माणसे गेली, त्यांची नावे तो घेत होता. हिंदूंची घेत होता, मुसलमानांची घेत होता, एकाच चालीत, मध्ये श्वासही न घेता. प्रत्येक नावाला बसलेल्यांतून कोणीतरी ओ देई. "आला हो आला." "आ गए, अम्मा, आ गए." गठ्ठ्यांमागून एका बाईचा नुसता हुंकार. दर ओ झाली की तो चटईवर हात फिरवून जागा करी, जसे पाहुण्याला बसायला सांगावे. आपण विश्वास ठेवा अगर ठेवू नका, ती चटई भरत चालली आहे असे मला वाटू लागले.

आणि त्याने माझ्या धाकट्या भावाचे नाव घेतले.

माझा भाऊ याच कारखान्यात फोरमन होता. दंगलीच्या दुसऱ्या दिवशी, मालकाच्या चाव्या आपल्याकडे आहेत म्हणून, तो घरातून निघाला आणि कारखान्यापर्यंत पोहोचला नाही. प्रेत मिळाले नाही. चप्पल मिळाली नाही. जिल्ह्याच्या ठिकाणापासून दिल्लीपर्यंत मी अर्ज केले. तो मेला असे मला कोणीही दाखवून दिलेले नव्हते, आणि जे शाबीत झाले नाही ते मी मानत नाही.

नाव घेतले गेले आणि माझ्या मागून स्पष्ट शब्द आला, "आलो." आवाज भावाचा होता. मी मागे वळलो. मागे अर्धे विणलेले कापड तसेच चढवलेला एक माग आणि भिंत.

शेजारच्या विणकराचा दंड धरून मी विचारले, "कोण बोललं?"

त्याने माझ्याकडे चमत्कारिक नजरेने पाहिले. "कौन क्या? चाचा, आप ही तो बोले."

मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. परंतु माझ्या तोंडातून माझ्या संमतीवाचून साक्ष काढून घेतली गेली, एवढे मला कळले. घरी येऊन मी त्याला नोटीस लिहिली. पुरावा अधिनियमाच्या कलम १०८ प्रमाणे ज्या माणसाची सात वर्षे काही खबर नाही, तोच मृत मानता येतो. सात वर्षे पुरी व्हायला अकरा महिने बाकी आहेत. सबब कायद्याने जिवंत असलेल्या इसमास पितरांच्या पंगतीत बोलावणे हा बेकायदा प्रकार असून तो तात्काळ बंद करावा.

तो नोटीस घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळीच ओट्यावर आला. पदराची हालचाल झाली.

"नाना, मी कोनाला मारीत न्हाय. मी निस्ता बोलवतंय. यवाचा का न्हाय, त्या त्यांचा त्यांनी ठरवाचा."

"पण नाव घ्यायला तुला सांगितलं कोणी?"

उत्तर दारातून आले. माझी भावजय उभी होती, हाताला पीठ लागलेले. "मी सांगितलं, नाना."

आमच्या घरात ती माझ्यासमोर मोठ्याने बोलत नसे. त्या दिवशी बोलली. "कशेळीच्या पाव्हन्यांनी पोरीला पसंत केलंय. फाल्गुनातलं लगीन. ते विचारतात, पत्रिकेत बापाच्या नावाआधी कै. घालायचं का न्हाय? मी काय सांगू? त्या दिवशी मी कोन म्हनून मांडवात उभी राहू? सवाशीन म्हनून, का रांड म्हनून?"

"अजून अकरा महिने—"

"तुमचे महिने तुमच्याजवळ ठेवा." तिने पिठाच्या हाताने कपाळाकडे बोट केले. "सा वर्सं हे कुंकू मी त्यांच्या नावानं लावतंय असं वाटतंय तुम्हाला? मी ते तुमच्या अर्जासाठी लावतंय. दारात कडी वाजली का उठून बसतंय. सा वर्सात एक झोप लागली न्हाय मना, नाना. एक न्हाय."

हे ऐकून मी काय करायला हवे होते ते आपणांस कळते. मी ते केले नाही. मी आत गेलो आणि पोलिसांना दुसरा अर्ज लिहिला. बिनपरवाना खेळ, शासनाची अप्रतिष्ठा, दंगलीतल्या नावांचा जाहीर उच्चार. मला फक्त नाव थांबवायचे होते. आणीबाणीत अर्ज वाचले जातात, हे माझ्या ध्यानातच आले नाही; आयुष्यभर माझे अर्ज कोणी वाचलेच नव्हते.

पुढच्या शुक्रवारी त्याला लुगड्यासकट चौकीत नेले.

तीन दिवसांनी मी तिथे गेलो. जमाव केला असा ठपका होता. पाच किंवा अधिक माणसे लागतात, हे मी अधिकाऱ्याला सांगितले, आणि प्रयोग करणारा तर एकटा होता. अधिकारी हसला नाही. "खेळणारा एकटा होता, हे मलाही दिसतंय," तो म्हणाला. "छापा घालायच्या आधी पाव तास मी दाराबाहेर उभा होतो, नाझरसाहेब. आत निदान दोनशे माणसं ओ देत होती. दार उघडलं तर तीस." मग त्याने आवाज खाली आणला. "बाकीची कुठून गेली, एवढं त्याला सांगायला लावा. मी सोडतो."

त्याच्यासमोर एकच कागद होता. अक्षर माझे होते.

मी तिथेच बसून अर्ज मागे घेणारा अर्ज लिहिला. पुढच्या दिवसांत आणखी दोन लिहिले. अकराव्या दिवशी त्याला सोडले. अंबाडा घालण्याइतके लांब केस त्याने राखले होते, ते मुळापासून कापलेले होते. लुगडे परत दिले, पण घड्या घालून आणि सुतळीने बांधून. मी समोर आलो तेव्हा हात खांद्याकडे गेला नाही. तो नुसता म्हणाला, "लिवा, नाना." आणि निघून गेला. मला कोणी मारले असते तर बरे झाले असते.

खेळ बंद झाले. शुक्रवारची ती शांतता आता मला घरातही ऐकू येऊ लागली.

फाल्गुन आला. सात वर्षे व्हायला दोन महिने कमी होते. लग्न पुढे ढकला, असे मी पाहुण्यांना लिहून पाहिले. ते तयार झाले नाहीत. पत्रिकेत भावाचे नाव कशालाच जोडू नये अशा बेताने मी मजकूर रचला, आणि छापखानावाला म्हणाला, "नाना, हे वाचून नवरीचा बाप कोण आहे तेच कळत नाही." गावाहून बोलावलेल्या धवलारिणीने सगळे ऐकून घेतले आणि सुपाऱ्या परत दिल्या. ज्याचे दिवस घातले नाहीत त्याला मी बोलावणार नाही, आणि त्याला सोडून बाकीच्यांना बोलावले तर तो दारात उभा राहील, असे ती म्हणाली.

हळदीच्या दिवशी सकाळी मांडवात माणसे धवळ्यावाचून ताटकळत बसली होती. दहाच्या उन्हात तो गल्लीतून आला. लुगडे नेसलेला, कपाळ उघडे, कापलेल्या केसांवर घट्ट पदर. माझी भावजय त्याच्या पुढे चालत होती. पाहुण्यांत कुजबुज झाली. एक म्हातारा मोठ्याने म्हणाला, "हा बाप्या हाय!" भावजयीने त्याच्याकडे वळून पाहिले. "मंग तुम्ही गा, मामा. येतो का तुम्हाला?" म्हातारा खाली बसला.

त्याने धवळा उचलला. कारखान्यातला खेळ मी पाहिला होता. हा खेळ नव्हता. देव आले. मग आमचे आजोबा, आजी, वडील. मी ओ देत गेलो, सुपारी ठेवीत गेलो. मग आई. "आली हो आली," मी म्हणालो, आणि ऊन असूनही मांडवात गार वाटले. लहान मुले बोलायची थांबली. एक कुत्रे उठून मांडवाबाहेर गेले आणि बाहेर उभे राहून आत पाहू लागले.

मग त्याने भावाचे नाव घेतले आणि तो थांबला.

त्याने माझ्याकडे पाहिले नाही. पदराआडून त्याचे डोळे तांदळाच्या मुठींवर होते. भावजय समोर बसली होती. ती मात्र माझ्याकडेच पाहत होती. नवरी हळदीच्या पाटावर. सगळ्या मांडवात ओ देण्याचा अधिकार एकट्या मला होता, आणि तो माझ्याखेरीज कोणी बजावू शकत नव्हते. दोन महिने, कलम, सहा फायली, दिल्लीहून आलेली पोच. ते सगळे मी एकदा मनात मोजले.

"नाना," तो अगदी हळू म्हणाला, "तो उनात उभा हाय. त्याला आत घ्या."

"आला," मी म्हणालो. मग नीट, सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणालो, "आला हो आला."

सुपारी माझ्या हातून ठेववेना. भावजयीने माझा हात धरून ती तांदळावर ठेवली. हळद लागली, ढोल सुरू झाला. तेवढ्यात ती जिथे बसली होती तिथेच, भिंतीला डोके टेकून, झोपली. बायका तिला उठवायला धावल्या. त्याने हाताने त्यांना मागे सारले आणि तिच्याजवळ बसून पदराने वारा घालू लागला. त्या ढोलाच्या कल्लोळात ती दुपार कलेपर्यंत झोपली होती. जागी झाली तेव्हा तो निघून गेला होता. लुगडे नेसलेलेच, भर बाजारातून, दिघाशीकडे जाणाऱ्या वज्रेश्वरीच्या बसकडे जाताना त्याला लोकांनी पाहिले. कोणी हसले नाही, असे मला सांगण्यात आले. चाळीतली त्याची खोली नंतर दुसऱ्यांनी घेतली.

मी आयुष्यात कधी लिहिले नव्हते अशा प्रकारचे एक पत्र मी त्याला लिहिले. त्यात मागणी नव्हती, तक्रार नव्हती, कलम नव्हते. त्याचे नाव, वडिलांचे नाव, मुक्काम दिघाशी, असा रीतसर पत्ता घातला. पंधरा दिवसांनी पाकीट न उघडता परत आले. त्यावर पोस्टमनचा शेरा होता: 'या नावाचा पुरुष या गावी राहत नाही.'

पोस्ट खात्याकडे तक्रार करण्याचे मनात आले, हे नाकारत नाही. मग नवे पाकीट घेतले, तेच पत्र त्यात घातले आणि वर एवढेच लिहिले: धवलारीण, मुक्काम दिघाशी.

ते पाकीट परत आलेले नाही.